फोटोच्या पाठीवर नाव लिहा

शेतकऱ्याच्या घरात वर्तमानपत्राचा कागद कधी वाया जात नाही. वाचून झाला की तो फडताळात अंथरायला, भाकरी बांधायला, पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला, नाही तर चुलीत जाळ धरायला उपयोगी पडतो. पण त्यातूनही एखादा फोटो कुणीतरी कात्रीनं कापून घेतं. मग तो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटतो, देवळीशेजारच्या खिळ्याला लागतो, नाही तर पोथीच्या पानात जाऊन बसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, तर तो फोटो का ठेवलाय हे सांगता येतं. ते माणूस गेलं की नातवंडं फोटो उलटसुलट करून पाहतात. पाठीमागं काही लिहिलेलं नसतं. पुढच्या दिवाळीला, घर झाडताना, तो उकिरड्यावर जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, आज या फोटोंविषयीच बोलायचं आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या घरांत अशी कात्रणं दोन तऱ्हेची सापडतात. एक लढाईची. पलटणीत गेलेला मुलगा, सीमेवरचा जवान, ढाक्याला १६ डिसेंबर १९७१ रोजी शरणागतीच्या कागदावर सही करणारा पाकिस्तानी सेनापती. दुसरी रोजच्या जगण्याची. जत्रेतला खिलार बैल, खडी फोडणाऱ्या बाया, गुळाचं गुऱ्हाळ, नवी विहीर. पहिल्या तऱ्हेला आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेला काहीच म्हणत नाही. आणि दोन्हींत एक गोष्ट बहुधा राहून गेलेली असते. फोटोतल्या साध्या माणसाचं नाव.

नाव राहिलं तर काय बिघडतं? त्यासाठी आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ.

आईनं पाठमोरा ओळखला

दुसऱ्या महायुद्धात, २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरमाथ्यावर अमेरिकेच्या सहा सैनिकांनी झेंडा उभा केला. जो रोझेन्थाल नावाच्या वृत्तछायाचित्रकारानं तो क्षण टिपला. दोन-तीन दिवसांत तो फोटो अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्याचं टपाल तिकीट निघालं, पुढं त्यावरून भव्य पुतळा उभा राहिला. लढाईचा याहून गाजलेला फोटो शोधून सापडायचा नाही.

या फोटोत काठीच्या बुडाशी एक जवान वाकलेला आहे. त्याचा चेहरा दिसत नाही, नुसती पाठ दिसते. टेक्सास प्रांतातल्या वेस्लॅको गावच्या एका शेतकरी घरातल्या आईनं वर्तमानपत्र हातात घेतलं आणि सांगितलं, हा आपला हार्लन. घरच्यांना ते पटेना. सरकारनं जाहीर केलेल्या यादीत त्या जागी दुसऱ्याच जवानाचं नाव होतं. हार्लन ब्लॉक तोवर त्याच बेटावर मारला गेला होता, त्यामुळं तो स्वतः सांगायला येणार नव्हता. पुढं १९४६ साली फोटोतलाच दुसरा सैनिक, आयरा हेज, लांबचा प्रवास करून त्या घरी गेला आणि त्यानं खरं काय ते सांगितलं. १९४७ साली सरकारनं चूक दुरुस्त केली. नुसत्या पाठीवरून लेकरू ओळखणाऱ्या आईचं म्हणणं खरं ठरलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. याच फोटोतलं आणखी एक नाव २०१६ साली बदलावं लागलं, आणि तिसरं २०१९ साली. म्हणजे सहा माणसांची नावं बरोबर लागायला चौऱ्याहत्तर वर्षं गेली. एवढं मोठं सरकार, एवढी दप्तरं, आणि एवढा गाजलेला फोटो. तरी नावं चुकली, कारण फोटो निघाला त्या वेळी ती जागच्या जागी कुणी टिपून घेतली नव्हती. मग आपल्या ट्रंकेतल्या फोटोची काय कथा?

मटारच्या शेतावरची बाई

दुसरी गोष्ट लढाईची नाही, भुकेची आहे. १९३६ सालचा मार्च महिना. अमेरिकेत मंदी होती, मध्यभागातल्या प्रांतांत दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली होती. हजारो कुटुंबं कामाच्या शोधात पश्चिमेला कॅलिफोर्नियात जात. आपल्याकडं ऊसतोडीला टोळ्या जातात, तसंच. निपोमो या गावी मटार तोडायला आलेल्या मजुरांचा तळ पडला होता. पीक गारठून गेलं, काम बुडालं. डोरोथिया लँग ही सरकारी खात्याची छायाचित्रकार तिथून जात होती. कापडी राहुटीत एक बत्तीस वर्षांची बाई मुलांना अंगाशी धरून बसलेली तिला दिसली. तिनं मोजके फोटो घेतले आणि पुढं गेली.

फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आले आणि खळबळ उडाली. सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे नव्वद क्विंटल, धान्य आणि खाण्याच्या वस्तू पाठवल्या. छापील फोटोची ताकद अशी असते. पण मदत पोचली तोवर ती बाई आपल्या मुलांना घेऊन दुसरीकडं निघून गेली होती.

लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. तो फोटो ‘स्थलांतरित आई’ म्हणून पुस्तकांत, प्रदर्शनांत, शाळांच्या भिंतींवर जगभर गेला. बाई मात्र बेचाळीस वर्षं अनामिक राहिली. १९७८ साली एका वार्ताहरानं तिला शोधून काढलं. नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. या फोटोनं आपल्याला एक पैसा मिळाला नाही, तो काढला नसता तर बरं, असं तिचं म्हणणं पडलं. आपला चेहरा दुनियेनं पाहिला आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, हे दुःख कुणाही कष्टाळू बाईला सांगावं लागणार नाही.

आकडा कोरला, नाव राहिलं

आता घरी या. सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढं लोक ‘मिलिटरी’ लावतात. त्या गावात पहिल्या महायुद्धातल्या जवानांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि त्या लढाईत गावचे सेहेचाळीस जवान कामी आले असं गाव सांगतं. देशात ठिकठिकाणी, आपल्याकडंही, चावडीच्या नाही तर शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारनं बसवलेली संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले. बस. आकडे आहेत, नावं नाहीत.

आपली माणसं मेली कुठं? पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं कुत-अल-अमारा या गावी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी इंग्रजी फौजेला वेढा घातला होता. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपला, ओढकामाची खेचरं आणि घोडे मारून खायची वेळ आली. वेढ्यातून जगलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो आजही लढाईच्या पुस्तकांत छापतात. बरगड्या मोजून घ्याव्यात, असा सांगाडा झालेला माणूस. खाली लिहिलेलं असतं, कुतच्या वेढ्यातून वाचलेला हिंदी सैनिक. नाव नाही, गाव नाही, पलटण नाही. तो माण-खटावकडचा होता, का कोकणातला, का पंजाबातला, हे फोटोवरून कुणालाच सांगता यायचं नाही. त्याच्या घरी कधीतरी तो परत आला असेल, कुणी त्याला दृष्ट काढून आत घेतलं असेल. पण फोटोपुरता तो सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही.

मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक उघडलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हजारो हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या घातली. युद्धातल्या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ साली चौकशीचा अहवाल काढला आणि हा भेदभाव झाला असं कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी माफी आली. ती ऐकायला त्या जवानांची पोरंसुद्धा उरली नव्हती.

म्हणून ज्यांच्या घरात पलटणीतल्या पणजोबांचा एखादा पिवळा पडलेला फोटो आहे, छातीवर पदकं आणि हातात छडी, त्यांनी तो नुसता शोभेचा समजू नये. दगडानं जे नाव ठेवलं नाही, ते तुमच्या घरच्या कागदाला ठेवता येईल.

कॅमेऱ्याला चुकवणारी माणसं

दुसरं महायुद्ध चालू असताना आपल्याकडं आणखी एक लढाई चालू होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. पाठोपाठ इस्लामपुरातही तेच झालं. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं. कुंडलच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला.

या माणसांच्या त्या दिवसांतल्या फोटोंचा दुष्काळ का, हे सहज समजण्यासारखं आहे. भूमिगतानं फोटो काढून घ्यायचा म्हणजे पोलिसांच्या हाती आपणहून दोरखंड द्यायचा. आज या शेतात, उद्या त्या मळ्यात, असं ज्याचं जिणं, तो फोटोवाल्यापुढं कशाला बसेल? त्यांना जेवण पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायांचा फोटो तर कुणाच्या मनातही आला नसेल.

पुढं १९७२ साली केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं, तेव्हा तुरुंगाचा दाखला नाही तर भूमिगत असल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. ज्यांनी पुरावा राहू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, त्यांनाच पुरावा शोधत फिरावं लागलं. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ साली गेले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ साली गेल्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी ती पिढी आता जवळजवळ संपली. त्या काळाविषयी आपल्या आजोबा-आजीनं जे सांगितलं असेल, ते त्यांच्या उतारवयातल्या फोटोच्या पाठीवर लिहिलं, तरी तो फोटो त्या काळाचा साक्षीदार होतो.

१९६२ साली चीननं चाल केली आणि देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडला वाढलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घरोघर बोललं गेलं. जवानांच्या रांगेतून जाणारे यशवंतराव, हा फोटो कापून जपणारी घरं आपल्याकडं कमी नाहीत. यशवंतरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्यासमोर ताठ उभ्या असलेल्या रांगेत कुणाकुणाची पोरं होती?

रोजचं जगणं हाही इतिहासच

साध्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रात कमी का यायचा, यामागं व्यवहारही होता. पूर्वी फोटो छापायचा तर आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. जाळीच्या काचेतून फोटो उतरवून बारीक ठिपक्यांत फोडायचा, तेजाबानं पत्रा कोरायचा, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. जुनं कात्रण भिंगाखाली धरा, ठिपके दिसतील. या कामाला पैसा आणि वेळ लागे. म्हणून पुढाऱ्याचा ब्लॉक एकदा केला की तोच पुन्हा पुन्हा वापरायचा, आणि शेतकऱ्याचा कुणी करायचाच नाही.

तरी आपल्या भागानं याबाबतीत वाट दाखवली आहे. कुंडल रोड स्टेशनच्या माळावर १९१० साली लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तीच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, आणि १९३० साली खास बायकांसाठी ‘स्त्री’ निघालं. शंकरराव स्वतः चित्रकार, त्यामुळं चित्राला आणि फोटोला त्यांच्याकडं मान होता. आजच्या पलूस तालुक्यातल्या एका रेल्वे स्टेशनाजवळून ही मासिकं महाराष्ट्रभर जात. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू करणारे नानासाहेब परुळेकर तर न्यूयॉर्कला शिकून आलेले. गल्लीतली अडचण आणि मंडईतला भाव हीसुद्धा बातमी आहे, हा धडा त्यांनी मराठी वर्तमानपत्रांना दिला.

रोजच्या जगण्याचा फोटो आज किरकोळ वाटतो आणि तीस वर्षांनी अमोल होतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट रुंद. आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून हवा चांगली आहे का पाहायचं. कृष्णेच्या २००५ च्या महापुरात पाणी शिरून ही पेवं मोठ्या संख्येनं गेली. पेवातून पोती वर ओढणाऱ्या हमालांचा जुना फोटो ज्याच्याकडं असेल, त्याच्याकडं आता न घडणारी गोष्ट आहे.

१९७२ च्या दुष्काळाचंही तसंच. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत हजारो माणसं पाझर तलावावर, रस्त्यावर राबली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. वर्तमानपत्रांत फोटो आले, खाली ओळ आली, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या महिला. पुढं याच कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्या ‘महिलां’पैकी एखादी तुमची आजी असेल. निपोमोची बाई बेचाळीस वर्षांनी तरी सापडली. आपल्या या बायांना शोधायला कुणी वार्ताहर येणार नाही. ते काम घरच्यांनीच करायचं आहे.

आता करायचं काय

काम अवघड नाही, पैसाही लागत नाही. पुढच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

नाव लिहिताना बॉलपेन वापरू नका. दाब पडून पुढच्या बाजूला वळ उठतो, शाई फुटते. मऊ पेन्सिलीनं, फोटो पालथा सपाट फळीवर ठेवून, कडेला हलक्या हातानं लिहा. गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही. तो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा. कोण, कुठलं गाव, कोणतं साल, काय प्रसंग, एवढं पुरे. बाईचं नाव ‘अमक्याची आई’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव आणि माहेर लिहा. डावीकडून उजवीकडं क्रम धरा. दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारा. जमलं नाही तर नावापुढं प्रश्नचिन्ह करा. चुकीचं नाव खात्रीनं लिहिण्यापेक्षा ते बरं. इवो जिमाचा धडा तोच आहे.

वर्तमानपत्राचं कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख आधी टिपा, मग कात्री चालवा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेडानं पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. म्हणून भिंतीवर नको, पाकिटात घालून अंधारात ठेवा. खळीनं चिकटवलं तर कसर आणि झुरळं येतात. चिकटपट्टी लावली तर तेलकट डाग पडतो.

चौकटीतला फोटो स्वयंपाकघराच्या धुरात आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. चौकटीच्या मागं बोटभर फट राहील असं पाहा.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ साली कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत ट्रंका पाण्याखाली गेल्या. नदीकाठच्यांनी फोटोंची पेटी माळ्यावर ठेवावी. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले तर ओढून सोडवू नका, उन्हातही टाकू नका. थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, सुटे होऊ द्या, आणि सुती कापडावर तोंड वर करून सावलीत वाळवा. हाताशी मोबाईल असेल तर प्रत्येक फोटोचा फोटो घ्या, पुढचा आणि पाठचाही. पण मोबाईल हरवतो, बिघडतो. त्यामुळं अस्सल फेकू नका. शिवाय मोबाईलवर लढाईचा म्हणून आलेला फोटो पुष्कळदा दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच सालचा निघतो. ज्यावर ठिकाण नाही, तारीख नाही, तो पुढं धाडू नका.

दिवाळीला मुंबई-पुण्याची पोरं गावी येतात. त्या चार दिवसांतली एक दुपार यासाठी काढा. जेवणं झाली की ट्रंक ओसरीवर आणा, घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला चष्मा द्या, आणि एखाद्या नातवाच्या हाती पेन्सिल द्या. आजी सांगेल तसं त्यानं लिहावं. सुरुवात ज्या फोटोत सगळ्यांत जास्त अनोळखी माणसं असतील, त्या फोटोपासून करा.